झडप उघडतो

त्या तीन पानांचं भाषांतर मी केलं होतं, हे आधीच सांगून टाकते. काकांच्या रागाची गोष्ट सांगायची आणि आपण त्यातून हळूच अंग काढून घ्यायचं, असं माझ्याकडून व्हायला नको.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. गावाबाहेर एक मोठी धुलाई आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे गाड्या भरभरून येतात आणि धुऊन, इस्त्री होऊन, घड्या घालून परत जातात. एवढ्या कपड्यांना लागणारी वाफ ज्या बॉयलरमध्ये तयार होते, त्यावर काका सव्वीस वर्षं होते. ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस. डावी भुवई कधीतरी भाजलेली, ती पुन्हा नीट उगवलीच नाही. धुलाईत त्यांना सगळे ‘शिट्टी’ म्हणत. बॉयलरमुळे म्हणत असतील असं मला वाटायचं. खरं कारण काकूंनी, त्यांच्या बायकोने, सांगितलं. राग आला की तोंड उघडायच्या आधी त्यांच्या नाकातून एक बारीक आवाज येतो, आणि तो ऐकून माणसं पांगतात.

राग यायला त्यांना फार काही लागत नसे. कुणी गरम पाइपवर ओले मोजे वाळत घातले, कुणी बॉयलरच्या दाराला विटेची अटकण लावली, कुणी वाफेला धूर म्हटलं, की झालं. पण सव्वीस वर्षांत त्यांच्या वाफेने कुणाच्या बोटालासुद्धा चटका बसला नव्हता. हे ते स्वतःच चारचौघांत सांगत, आणि ते खरं होतं.

शिट्टीला न घाबरणारी तिथे बहुधा एकच बाई होती. ती घड्या घालायच्या विभागात काम करायची, म्हणून सगळे तिला घडीताई म्हणत. काकांपेक्षा चार वर्षांनी मोठी. एकोणीस वर्षं दोघं दुपारचा डबा एकत्र खात आणि रोज भांडत. तू जोरात चावतोस इथपासून ते खिडकी उघडी का ठेवलीस इथपर्यंत कशावरूनही. काकांना सख्खी बहीण नव्हती. काकू म्हणायच्या, नव्हती तेच बरं होतं, ही एक पुरते.

मग नवं इस्त्रीयंत्र आलं. चादर एका बाजूने आत घालायची. वाफेने तापलेल्या मोठ्या रुळांमधून ती जाते आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर पडते. यंत्र परदेशातून आलं होतं आणि ते बसवायला तिकडचाच एक तंत्रज्ञ आला होता. त्याला स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. तीन आठवडे त्याचं आणि काकांचं काम हातवाऱ्यांवर चाललं.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी सकाळीच काकांचं आणि घडीताईंचं वाजलं होतं. नव्या यंत्राच्या खोलीत ताईंनी आपली खुर्ची आणून ठेवली, काकांनी ती उचलून बाहेर ठेवली, ताईंनी परत आत आणली. सगळ्या विभागाने ऐकलं. तासाभराने ताई रुळांच्या पलीकडच्या बाजूला वाकून फडक्याने पुसत होत्या. त्या बाजूच्या पाइपचा एक सांधा आवळायचा राहिला होता. इकडून वाफेची मोठी झडप उघडली गेली, आणि त्या सांध्यातून वाफ सरळ त्यांच्या उजव्या हातावर आली. बोटांपासून कोपरापर्यंत हात भाजून निघाला.

झडप उघडायचं काम वाफवाल्याचं. सकाळचं भांडण सगळ्यांच्या कानात ताजं. काका सांगत होते की मी खोलीत नव्हतो, तो परदेशी होता. पण तो अपघातानंतर चौथ्या दिवशी विमानात बसून निघून गेला, आणि मागे उरली फक्त त्याची रोजच्या कामाची वही. त्या वहीतल्या तीन पानांचे फोटो धुलाईच्या व्यवस्थापकांनी मला फोनवर पाठवले. पाचच्या आत भाषांतर हवं, सही-शिक्क्यासह, एवढंच सांगितलं.

मी एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत संध्याकाळी स्पॅनिश शिकवते आणि दिवसा असली कामं करते. दाखले, यंत्रांच्या याद्या, कधी कुणाचं लग्नाचं प्रमाणपत्र. ती तीन पानं मी चाळीस मिनिटांत उरकली. त्यातल्या या ओळी मला आता झोपेतही म्हणता येतील:

‘१०.१५ रूळ तपासतो. १०.३० कामगार बाहेर थांबतो. १०.४० झडप उघडतो. बाई ओरडते.’

कुठली बाई, का ओरडते, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. ‘बाई ओरडते’ असं लिहून मी शिक्का मारला आणि भाजी चिरायला गेले.

चौकशीत या ओळी मोठ्याने वाचण्यात आल्या. कामगार बाहेर थांबतो, झडप उघडतो. मधली वेळ आणि पूर्णविराम वाचणाऱ्याने गिळले. काकांना त्याच दिवशी घरी बसवलं. त्यांचं त्यावर काय म्हणणं आहे ते कुणी लिहून घेतलं नाही. शिट्टी वाजली आणि साहेब उठून गेले, एवढंच मला नंतर कळलं.

दोन महिन्यांनी ते माझ्या वर्गात आले.

मी त्यांना ओळखत नव्हते. बाकीची आठ-नऊ मुलं कॉलेजातली. त्यांच्यात हे बावन्न वर्षांचे गृहस्थ हातात बॉयलरची कोरी नोंदवही घेऊन पहिल्या बाकावर बसले. नमस्कार कसा करायचा, तुम्ही कसे आहात कसं विचारायचं, हे मी शिकवायला लागले, तर म्हणाले की मला कुणाची खुशाली विचारायची नाही, क्रियापदांपासून सुरू करा. मुलं हसली. काका हसले नाहीत.

क्रियापदं म्हटली की माझा हात बसलेला आहे. स्पॅनिशमधल्या सरळ क्रियापदांच्या शेवटी आर, एर किंवा इर असतं. ते छाटायचं आणि उरलेल्या खोडाला, करणारा कोण आहे त्याप्रमाणे, शेपूट जोडायचं. आब्लार म्हणजे बोलणे. आब्लो, मी बोलतो. आब्लास, तू बोलतोस. आब्ला, तो बोलतो. आब्लामोस, आपण बोलतो. शेपटातूनच माणूस कळतो, म्हणून मी-तू-तो हे शब्द तिकडे बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. एर आणि इर यांची शेपटं दोन जागा सोडल्या तर सारखीच. यावर काका उखडले. दोनच जागांचा फरक, तर दोन वेगळे डबे कशाला केले, असं त्यांनी मला विचारलं, जणू ते डबे मीच केले होते.

पण करायचे मात्र मन लावून. त्या नोंदवहीत दाब आणि पाण्याची पातळी लिहायचे रकाने छापलेले होते. त्या रकान्यांत त्यांनी शेपटं भरली. रोज तीस क्रियापदं. काकू एकदा फी भरायला आल्या तेव्हा म्हणाल्या, जेवताना यांचं कोमो, कोमेस, कोमे चालू असतं, अर्थ विचारला तर म्हणतात मी खातो, तू खातोस, तो खातो. मी यांना म्हणते, त्याचं राहू द्या, आधी तुम्ही खा.

चौथ्या आठवड्यात मी फळ्यावर आब्रीर घेतलं, म्हणजे उघडणे. आब्रो, आब्रेस, आब्रे. काका पहिल्यांदाच स्वतःहून बोलले, आमच्याकडे रोज चार गाड्या अभ्रे येतात. मुलं हसली आणि मीही हसले. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “आब्रो म्हणजे मी उघडतो. आब्रे म्हणजे तो उघडतो. आणि आपल्यात? मी उघडतो, तो उघडतो. दोन्हीकडे उघडतोच ना?”

मी म्हटलं, हो, पण आपण मी किंवा तो असं म्हणतो.

“आणि नाही म्हटलं तर? नुसतं ‘उघडतो’ लिहिलं, तर कोण ते कसं ओळखायचं?”

मागेपुढे काय लिहिलंय त्यावरून, मी म्हटलं. तेव्हा त्यांच्या नाकातून तो बारीक आवाज आला. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. सर्दी झाली असेल असं वाटलं.

वर्ग सुटल्यावर ते बसून राहिले. मुलं गेली तसं त्यांनी खिशातून घडी केलेले दोन कागद काढून माझ्यासमोर ठेवले. एक वहीच्या पानाची झेरॉक्स. दुसऱ्यावर माझी सही आणि माझा शिक्का. मूळ पानावरच्या एका शब्दावर त्यांनी नख ठेवलं. तो शब्द आब्रो होता.

“हे कोण उघडतंय, मॅडम?”

मी वाचलं. मग माझा कागद वाचला. मग परत ते पान वाचलं. “लिहिणारा,” मी म्हटलं. “तंत्रज्ञ स्वतः.”

मी बोलत सुटले. नोंदवहीत आपण मी लिहीत नाही, उघडतो बरोबरच आहे, चूक अशी नाही, वाचणाऱ्याने आधीच्या वाक्यातला कामगार पुढे ओढला. माझं मलाच ऐकवेना, तेव्हा थांबले. माझा शिक्का पाहूनच ते माझ्याकडे आले होते, हे एव्हाना मला कळलं होतं. मी विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही दाखवलंत?

“पहिल्या दिवशी तुम्ही तुमचंच खरं केलं असतं. तेव्हा मी काय बोलणार होतो? आधी माझं मला वाचता यायला हवं होतं.” मग ते उठले आणि दारात म्हणाले, “एक अक्षर जास्त लिहिलं असतंत. मी. दमला असता का तुमचा हात?”

त्या रात्री मी काकांवर चिडले. नंतर व्यवस्थापकांवर. मग सकाळी, भांडी घासताना, ज्या व्यक्तीवर चिडायला हवं होतं तिच्यावर चिडले.

दोन दिवसांनी आम्ही दोघं व्यवस्थापकांसमोर बसलो. गुळगुळीत टेबल, त्यावर काच, काचेखाली सुट्ट्यांची यादी. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे अक्षर ओ आहे की ए, हे हाताने लिहिलेल्या पानावर कोण सांगणार. मी तयारीने गेले होते. त्याच पानावर ‘तपासतो’साठी रेबिसो आहे, शेवटी असाच गोल ओ. ‘थांबतो’साठी एस्पेरा आहे, कारण तिथे थांबणारा कामगार आहे, आणि तिथे शेपूट आ आहे. स्वतःबद्दल ओ, दुसऱ्याबद्दल आ किंवा ए. तीन पानांत सतरा क्रियापदं, एकही चुकलेलं नाही. काका मध्येच म्हणाले, अठरा. मी मोजलं. अठरा होती.

साहेबांनी पान बाजूला सरकवलं. म्हणजे चूक भाषांतराची, म्हणाले. मी हो म्हटलं. लेखी द्याल का? देते म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला, आणि त्याच क्षणी मला कळलं की मी त्यांना हवं तेच दिलंय.

आठ दिवसांनी काकांना पत्र आलं. ‘भाषांतरातील त्रुटीमुळे निर्माण झालेला गैरसमज दूर झाला असून, संबंधित कामगाराने पुन्हा कामावर रुजू व्हावे.’ काकूंनी देवाचे आभार मानले. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. काका पत्र घेऊन थेट माझ्याकडे आले आणि भर वर्गात फळ्यापाशी उभे राहिले.

“यात झडप कुणी उघडली ते दाखवा.”

मी पत्र वाचलं. त्यात झडपच नव्हती.

“गैरसमज झाला म्हणे. दूर झाला म्हणे. कुणी केला, कुणी दूर केला, काही नाही. ताईचा हात जळला तोसुद्धा यात नाही. तुम्ही निदान एकच माणूस गाळला होतात. यांनी सगळेच गाळले.” पत्र त्यांनी माझ्या टेबलावर टाकलं. “मी जाणार नाही. कुणी उघडली ते लिहून देईपर्यंत नाही.”

काकू माझ्या दारात येऊन रडल्या. चालून आलेलं काम हा माणूस लाथाडतोय, तुम्हीच डोक्यात घातलंत, तुम्हीच काढा. मी काय काढणार? खरं सांगायचं तर मला काकांचं पटलं होतं.

घडीताई दवाखान्यातून घरी आल्या होत्या. अपघातानंतर त्यांनी काकांचा फोन एकदाही उचलला नव्हता. काका मला म्हणाले, चला, तुम्ही वाचून दाखवा, माझ्या तोंडून तिला पटायचं नाही. जिन्याजवळची एक खोली, खिडकीत सुकत घातलेल्या पट्ट्या. ताईंनी मला बसायला खुर्ची दिली. काकांना दिली नाही. ते दाराशी उभे राहिले.

मी सगळं सांगितलं. मूळ ओळ वाचली, शेपूट समजावलं, माझी चूक सांगितली, माफी मागितली. ताईंनी मान हलवली. त्यांचा उजवा हात मांडीवर पडलेला होता. बोटं अर्धी वळलेली, कातडी चकचकीत आणि ताणलेली. एक ओळ परत वाचायला सांगितली. मी ‘झडप उघडतो’ वाचायला लागले तर म्हणाल्या, ती नको, त्याच्या आधीची.

“कामगार बाहेर थांबतो,” मी वाचलं.

त्या पहिल्यांदा काकांकडे वळल्या. “झडप तू उघडली नाहीस, हे मला तेव्हाच माहीत होतं. तुझे पाय मी ओळखते, रुळाखालून दिसत होते त्या माणसाचे बूट वेगळे होते. चौकशीला मला कुणी बोलावलंच नाही. पण तू बाहेर का होतास? वाफ तुझी, यंत्र नवीन, मी आत. तू बाहेर का थांबलास?”

काकांच्या नाकातून आवाजही आला नाही. कारण आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. खुर्चीवरून झालेलं भांडण डोक्यात ठेवून ते बाहेर जाऊन बसले होते. परदेश्याने हाताने ‘थांब’ अशी खूण केली आणि ते ‘बरं झालं’ म्हणून निघाले होते.

“मला माझ्या हातापेक्षा त्याचा राग जास्त आहे,” ताई म्हणाल्या. “तुझ्यावर असलेला हा राग काही कागद वाचून जायचा नाही.”

मी उठले. मला वाटलं आता हे दोघं परत बोलणार नाहीत. पण ताईंनी डाव्या हाताने त्या झेरॉक्सची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि ती उशीखाली ठेवली. म्हणाल्या, कामगाराचीच चूक म्हणून कंपनीने मला नुकसानभरपाई नाकारली आहे. कामगार कार्यालयात जायचं. तुम्ही साक्षीला या. आणि तूही ये, उभा राहायला तरी उपयोगी पडशील.

तिथे सात महिने गेले. बाकांवर, रांगांत, ‘उद्या या’ ऐकण्यात. मी चार वेळा साक्ष दिली आणि चारही वेळा ‘चूक माझी’ हे वाक्य नीट, कर्त्यासकट लिहून घ्यायला लावलं. कंपनीच्या वकिलाने काकांच्या तापट स्वभावाची तीन पानी यादी आणली होती. काकांनी ती वाचली आणि दोन गोष्टी राहून गेल्यात म्हणून सांगितल्या. ताईंनी बुटांचं सांगितलं. शेवटी अधिकारी बाईंनी यंत्र बनवणाऱ्या कंपनीला पत्र पाठवलं, आणि तिकडून त्या तंत्रज्ञाचं उत्तर आलं. त्याने काही लपवलं नव्हतं; सांधा न तपासता काम चालू ठेवायला व्यवस्थापकांनी लावलं, हेही त्यात होतं. झडपेचं तर सुरुवातीपासून त्याच्या वहीतच होतं, फक्त कुणी त्याला विचारलं नव्हतं. माझ्याच टेबलावर ते उत्तर भाषांतराला आलं. मी पहिलाच शब्द ‘मी’ लिहिला आणि पेन बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिले.

धुलाईने नवं पत्र दिलं. त्यात झडप होती, ती उघडणारा होता, सांधा न तपासता काम चालू ठेवायला लावणारे व्यवस्थापकही होते. ताईंना भरपाई मिळाली. हात पूर्ण मिटत नाही. घड्या घालणं गेलं, आता त्या आलेल्या गाड्यांचा माल तपासून घेतात. काका बॉयलरवर परत रुजू झाले.

डबा पुन्हा एकत्र खातात की नाही हे मी एकदा ताईंना विचारलं. म्हणाल्या, खातो. बोलत नाही फारसं. त्या प्रश्नाचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही, आणि मीही विचारायचं सोडलेलं नाही. पण मी यंत्राच्या खोलीत गेले की तो येऊन उभा राहतो. काम असो नसो. हाकललं तरी जात नाही.

माझ्या वर्गात काका परत आले नाहीत. मला वाटलं होतं भूतकाळ तरी शिकतील. रविवारी सकाळी मात्र येतात, यंत्राची दीडशे पानी माहितीपुस्तिका घेऊन. ती आपल्या भाषेत आल्याशिवाय यंत्राला वाफ देणार नाही, असं त्यांनी कंपनीला लिहून दिलंय. मी एकेक वाक्य वाचते, मराठीत सांगते, आणि ते टेबलापलीकडे हाताची घडी घालून बसतात. प्रत्येक वाक्यानंतर विचारतात, कोण? दाब तपासतो. कोण? झाकण सोडवतो. कोण? परवा मी वैतागून म्हटलं, काका, इथे स्पष्ट आहे हो, कुणालाही कळेल.

“लिहा,” ते म्हणाले. त्यांचं नाक वाजायला लागलं होतं.

मी लिहिलं.